घट्ट फिरणारा नळ: जोर लावू नका, आधी घासतंय कुठे ते शोधा

चांगला नळ दोन बोटांत फिरतो. अंगठा आणि तर्जनी लावून तो उघडत नसेल, मूठ आवळून मनगट वळवावं लागत असेल, तर आत काहीतरी घासतंय. घासण्याच्या जागा मोजक्याच, पाच-सहा आहेत, आणि प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे. म्हणून तेलाची बाटली किंवा पाना हातात घेण्याआधी जागा शोधायची. बहुतेक नळ नेमके इथेच बिघडवले जातात. ग्लँड नट (हँडलखालच्या फिरत्या दांड्याभोवतीचा नट) जास्त आवळल्यामुळे जड झालेल्या नळात तेल ओतलं जातं, क्षाराने जाम झालेल्या कार्ट्रिजवर (नळातल्या पाणी उघड-बंद करणाऱ्या भागावर) पक्कड चालवली जाते, आणि अर्ध्या तासाचं काम टाइल फोडण्यापर्यंत जातं.

हे काम पुढे ढकलण्यासारखंही नाही. नळ जड झाला की घरातली म्हातारी माणसं आणि मुलं तो पुरता बंद करत नाहीत. थेंब गळत राहतात, मग कुणीतरी ताकदीचा माणूस तो करकचून बंद करतो आणि आतलं वॉशर कापलं जातं. घट्टपणा आणि गळती ही जोडी अशी एकमेकांना वाढवत जाते.

इंदुरात नळ लवकर का जाम होतात

इंदूरच्या पुष्कळ घरांत दोन प्रकारचं पाणी असतं. एक नर्मदेचं. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून पंपांनी चढवून १९७८ पासून शहरात येतंय. दुसरं बोरिंगचं. माळव्याच्या काळ्या दगडातून येणारं बोरिंगचं पाणी बरेचदा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. तुमच्या बादलीच्या काठावर, गिझरच्या पाण्याने आंघोळ करता त्या मगावर पांढरं पुट धरत असेल, तर तेच पुट नळाच्या आत स्पिंडलवरही, म्हणजे हँडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्यावरही, धरतंय.

गरम पाण्याचा नळ आधी जाम होतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो, आणि तो विरघळलेला राहत नाही, चिकटून बसतो. न्हाणीघरातल्या मिक्सरची लाल टिकलीची बाजू जड आणि निळी हलकी असेल, तर कारण क्षारच आहे असं धरून चालायला हरकत नाही.

दुसरं कारण रेती. ज्या वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतात, तिथे मधल्या काळात पाइप रिकामा होतो आणि पाणी सुटलं की पहिला लोट गढूळ येतो. 'नळ आले' म्हणताच सगळ्यात आधी उघडला जाणारा अंगणातला नळ ती बारीक रेती गिळतो. सिरॅमिक चकतीच्या (पाव फेरीत उघडणाऱ्या) नळाला ती फार बाधते. म्हणून थेट लाइनवर साधा, वॉशरचा पितळी नळ ठेवावा आणि चकतीचे नळ टाकीच्या पाण्यावर लावावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हाताला काय जाणवतं, त्यावरून ओळखा

नळ हळूहळू, पूर्ण उघडून पूर्ण बंद करा. डोळे मिटून केलंत तर आणखी चांगलं.

पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच जड लागत असेल, पण मऊ जड, चिखलात काठी फिरवल्यासारखा, तर ग्लँड नट आवळलेला आहे किंवा त्याखालचं पॅकिंग, म्हणजे पाणी अडवणारी दोरी, वाळून कडक झालंय. फिरताना खरखर जाणवत असेल, तर क्षार किंवा रेती. फक्त शेवटी, बंद होताना जोर लागत असेल, तर दोष वॉशरचा किंवा वॉशर ज्यावर टेकतं त्या बैठकीचा. बैठक झिजली की पाणी थांबवायला रबर जास्त दाबावं लागतं. एखाद्याच ठिकाणी अडत असेल, तर स्पिंडल वाकलाय किंवा हँडलची कड खालच्या फ्लँजला (भिंतीला किंवा बेसिनला टेकलेल्या गोल झाकणाला) लागतेय. आणि हँडल आधी जड होतं, आता मोकळं गरगर फिरतंय पण पाणी बंद होत नाही, असं असेल तर हँडलचे आतले दाते गेले. स्पिंडल अजून तसाच जाम आहे.

आता स्पिंडलच्या बुडाशी बघा. तिथे हिरवट-पांढरी खपली असेल, तर खूप दिवसांपासून तिथून पाणी पाझरतंय. पाणी वाळतं, क्षार मागे राहतो, पितळ हिरवं पडतं. अशा नळाचं पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबरी कडी) बदलल्याशिवाय नुसता साफ करून उपयोग नाही, दोन महिन्यांत तो पुन्हा तिथेच येईल.

नव्या फ्लॅटमध्ये नळ पहिल्या दिवसापासून जड असेल, तर आधी फ्लँजच्या आत पांढरं सिमेंट शिरलंय का पाहा. टाइलच्या फटी भरताना ते आत जातं आणि स्पिंडलभोवती दगडासारखं बसतं.

सामान

१० इंची स्क्रू पाना, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, ॲलन कीचा छोटा संच (२.५ आणि ३ मिलिमीटरची हमखास लागते), जुना टूथब्रश, सेफ्टी पिन, टेफ्लॉन टेपचं एक रीळ, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूफूल, जुनं सुती कापड आणि सिलिकॉन ग्रीसची लहान डबी किंवा ट्यूब. ग्रीस सोडून बाकी सगळं गल्लीतल्या दुकानात मिळतं. ग्रीससाठी सॅनिटरीचं मोठं दुकान किंवा सियागंजचा बाजार गाठावा लागेल. घेताना पिण्याच्या पाण्याच्या नळाला चालणारं हवं, असं सांगून घ्या.

ग्रीसबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. घरात सहज हाताशी असतं खोबरेल. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. इंदुरात थंडीच्या पहाटे पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा खोबरेल घातलेला नळ आधीपेक्षा जड होतो. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल काही महिन्यांत हवेने चिकट होऊन गोंदासारखं बसतं. तळणीच्या कढईच्या बाहेरच्या बाजूला ते कसं धरतं, ते आठवा. गाडीचं ग्रीस आणि शिवणयंत्राचं तेल ही खनिज तेलं. नळातल्या काही रबरी ओ-रिंगा (ईपीडीएम जातीच्या) त्यांनी फुगतात, आणि फुगलेली ओ-रिंग स्पिंडलला आवळून धरते. शिवाय पाण्याला वास येतो. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम, पण ते टिकणारं वंगण नव्हे. स्क्रू सुटला की पुसून टाका. नळाच्या आत जायचं ते फक्त सिलिकॉन ग्रीस.

पाणी बंद करताना

नळ टाकीवर असेल, तर गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह बंद करा. तो वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नसतो, त्यामुळे त्याच्याशी मारामारी करू नका. अर्धी फेरी बंद, पाव फेरी उघडा, पुन्हा अर्धी बंद, असं पुढे-मागे करत न्या. एकाच दमात आवळला तर त्याचा स्पिंडल तुटतो, आतली पात खाली अडकते आणि अख्ख्या घराचं पाणी बंद होतं. व्हॉल्व्ह ऐकतच नसेल, तर टाकी तळाला जाईल त्या दिवसाची वाट पाहा. टाकीच्या तोंडात आतून कापडाचा बोळा कोंबायचा उपाय करू नका. तो ओढला जाऊन पाइपमध्ये अडकतो.

दिवस कोणता निवडायचा, यातही थोडा विचार हवा. थेट नर्मदेच्या लाइनवरचा नळ असेल, तर पाणी न येणाऱ्या दिवशी उघडा. लाइनमधलं साचलेलं मगभर पाणी पडेल, तेवढंच. टाकीवरचा नळ मात्र पाणी येण्याच्या दिवशी, टाकी भरून झाल्यावर उघडा, म्हणजे एखादा भाग आणायला बाजारात जावं लागलं तरी भरून ठेवलेल्या बादल्यांवर घर चालतं. गरम पाण्याच्या बाजूचं काम असेल, तर गिझरचं बटण बंद करून तासभर थांबा. मिक्सर असेल, तर गरम आणि थंड दोन्ही बंद करायला लागतात.

पाणी बंद केलं की नळ उघडून पाइप रिकामा करा. मोरीच्या किंवा बेसिनच्या जाळीवर कापड टाका. हँडलचा स्क्रू हातातून निसटला की तो नेमका त्या भोकाकडेच धावतो.

हँडल काढणं

हँडलच्या डोक्यावरचं लाल-निळं झाकण नखाने किंवा पातळ सुरीच्या टोकाने उचला. खाली फुलीचा स्क्रू असतो. तो क्षाराने भरलेला असेल, तर आधी सेफ्टी पिनने त्याची खाच कोरून साफ करा. भरलेल्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवलं की फुली मरते, आणि मग तो स्क्रू काढणं मोठं काम होऊन बसतं. काही हँडलांना वर झाकण नसतं, मागच्या किंवा खालच्या अंगाला छोटं भोक असतं. त्यात ॲलन कीचा स्क्रू असतो. तो पुरता काढायची गरज नाही, दोन फेऱ्या सैल केला की पुरतो.

स्क्रू निघाला तरी हँडल हलत नाही, हे जड नळांत नेहमीचं आहे. वरून हातोडी मारू नका. स्पिंडल वाकतो आणि सिरॅमिक चकती असेल तर तडकते. कोमट व्हिनेगरमध्ये कापड भिजवून हँडलच्या मुळाशी गुंडाळा आणि २० मिनिटं ठेवा. मग दोन चमचे घ्या, समोरासमोरच्या बाजूंनी त्यांची टोकं हँडलखाली सरकवा, फ्लँजवर कापडाची घडी ठेवा, आणि दोन्ही एकदम दाबा. हँडल सरळ वर येतं. एका बाजूने स्क्रू ड्रायव्हर घालून उचललं, तर बेसिनच्या काठाची टवकी उडते.

हँडल हातात आलं की एक छोटी परीक्षा करा. उघडा पडलेला स्पिंडल पान्याने अलगद फिरवून बघा. तो हलका फिरतोय? मग दोष हँडलचाच होता. ते फ्लँजला घासत होतं किंवा आत क्षाराचा गोळा होता. साफ करा, बसवताना हँडल आणि फ्लँज यांच्यात १ ते २ मिलिमीटर फट राहील असं बघा, काम संपलं.

जुना, तीन-चार फेऱ्यांचा पितळी नळ

यात आधी दोन मिनिटांचा उपाय करून पाहा. स्पिंडलभोवती जो लहान षटकोनी नट दिसतो, तो ग्लँड नट. तो अष्टमांश फेरी सैल करा आणि स्पिंडल फिरवा. मोकळा झाला का? पाणी चालू करून पाहा. स्पिंडलच्या कडेने पाणी येत नसेल, तर पुढे काहीही उघडू नका. कधीतरी गळती थांबवायला कुणीतरी तो गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो, एवढंच कारण असतं.

सैल करून मोकळा झाला पण पाझरू लागला, तर पॅकिंग बदला. ग्लँड नट पूर्ण काढून वर सरकवा. आतली जुनी दोरी वाळून काळी, ठिसूळ झालेली असते. सेफ्टी पिनने तुकडे तुकडे काढा. टेफ्लॉन टेप २० सेंटीमीटर कापून वातीसारखी वळा. देवापुढच्या फुलवातीचा पीळ हाताला ठाऊक असेल, तेवढाच पीळ द्या. ही वात स्पिंडलभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ३ ते ४ वेढे गुंडाळा. नट ज्या दिशेने आवळायचा तीच ही दिशा. उलटी गुंडाळली तर नट फिरवताना ती सुटून बाहेर येते. पिनेच्या मागच्या बाजूने दाबून बसवा, नट बोटांनी घट्ट करा, मग पाना लावून पाव फेरी. पाणी सोडा. पाझर दिसला तर दर वेळी अष्टमांश फेरीच आवळा आणि पाझर थांबल्या क्षणी हात थांबवा.

खरखर असेल किंवा शेवटी जोर लागत असेल, तर अख्खा हेड पार्ट, म्हणजे स्पिंडल आणि वॉशर धरणारा नळाचा वरचा भाग, बाहेर काढावा लागेल. त्याआधी नळ अर्धा उघडा ठेवा. बंद स्थितीत काढताना किंवा बसवताना वॉशर बैठकीवर रगडलं जातं. मोठ्या षटकोनावर पाना लावा, पण दुसऱ्या हाताने नळाचं अंग कापड गुंडाळून घट्ट धरा, आणि जोर एकमेकांविरुद्ध लावा. हे फार महत्त्वाचं आहे. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत भिंतीतला पाइप लोखंडी असतो आणि आतून गंजलेला असतो. नळच फिरला तर निपल (पाइपचा आखूड जोड) भिंतीत तुटतं. नव्या घरांत सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) पाइप असतो, तिथे कोपऱ्यातला एल्बो तडकतो आणि ते ओल धरल्यावरच कळतं.

हेड पार्ट सुटला की स्पिंडल खालून फिरवून वेगळा करा. एका वाटीत पाव लिटर कोमट पाणी आणि एक मोठा चमचा लिंबूफूल, किंवा नुसतं पांढरं व्हिनेगर घ्या. वॉशर आणि ओ-रिंग काढून ठेवा, धातूचे भाग बुडवा. बारीक बुडबुडे सुटू लागतील. तो क्षार विरघळतोय. २० ते ३० मिनिटं पुरेत. रात्रभर ठेवू नका. आम्लात जास्त वेळ राहिलेल्या पितळातलं जस्त निघून जातं, पितळ गुलाबीसर, तांब्यासारखं दिसू लागतं आणि आटे ठिसूळ होतात. क्रोमचा मुलामाही उडतो. संडास धुण्याचं ॲसिड तर या कामाला लावूच नका, आणि ब्लीचिंग पावडरशी कुठलंही आम्ल मिसळू नका. विषारी वायू निघतो.

टूथब्रशने आटे घासा, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, पुसा. आता स्पिंडलचा गुळगुळीत भाग, जो पॅकिंगमधून जातो, उजेडात फिरवून पाहा. त्यावर आडवे ओरखडे असतील तर नवं पॅकिंगही लवकर कापलं जाईल. आट्यांवरून बोट फिरवा. कडा सुरीसारख्या धारदार झाल्या असतील किंवा पुसलेल्या कापडावर पिवळी चकाकती कणी दिसत असेल, तर आटे झिजलेत. अशा वेळी ग्रीसचा काही उपयोग नाही. हेड पार्टच नवा आणा, आणि जुना खिशात घालून दुकानात जा.

वॉशरवर खोल गोल खाच पडली असेल तर ते बदला. मूळ वॉशरपेक्षा जाड वॉशर घालून गळती थांबवायचा मोह टाळा. नळ पुरता उघडत नाही आणि बंद होताना पुन्हा जड लागतो. बैठक तपासायला करंगळी नळाच्या आत घालून कड चाचपा. बशीच्या काठासारखी गुळगुळीत लागली तर ठीक. खाच किंवा खडबड लागली तर बैठक घासून घ्यावी लागते. त्याचं हत्यार वेगळं असतं, ते प्लंबरकडून करून घ्या.

पाव फेरीचा, सिरॅमिक चकतीचा नळ

हँडल काढलं, वरची टोपी हाताने फिरवून काढली की पितळी कार्ट्रिज दिसतं. पान्याने सोडवा. फोनवर फोटो काढत राहा, प्रत्येक भागानंतर एक.

कार्ट्रिज उलटं धरा. खाली रबरी सील आहे. ते नखाने उचला, पात्याने नाही. मागोमाग पहिली पांढरी चकती निघते, मग दुसरी. दोन्हींत अर्धचंद्राची भोकं आहेत. ती एकमेकांवर आली की पाणी वाहतं, सरकली की थांबतं. चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की ओल्या असताना एकमेकींना चिकटून बसतात आणि वेगळ्या करायला बाजूला सरकवाव्या लागतात. त्यांच्यामध्ये कारखान्यातून आलेला ग्रीसचा पापुद्रा असतो. तो धुऊन गेला की चकती चकतीवर कोरडी घासते. पाव फेरीचा नळ जड होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

चकत्या ताटात ठेवून व्हिनेगरमध्ये १५ मिनिटं भिजवा, मऊ कापडाने पुसा. पॉलिश पेपर, तारेची घासणी, सुरी यांपैकी काहीही त्यांना लावू नका. पुसल्यावर खिडकीजवळ तिरप्या धरा. आरशासारख्या चमकल्या तर चांगल्या आहेत. रेषा दिसल्या किंवा कडेला कपची उडालेली दिसली, तर नवं कार्ट्रिज घ्या, दुरुस्ती टिकणार नाही.

चांगल्या चकत्यांना मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटावर घेऊन अगदी पातळ फासा. जास्त झालेलं ग्रीस भोकात जातं, धार बारीक करतं आणि रेती धरून ठेवतं. स्पिंडलवरच्या ओ-रिंगलाही तेवढंच लावा. ती चपटी किंवा कडक झाली असेल तर नवी घाला. कट चहाच्या पैशांत येते. जोडताना क्रम उलटा: स्पिंडल, वरची चकती, खालची चकती, रबरी सील. चकती चुकीच्या कोनात बसली, तर हँडल बंदच्या जागी असूनही पाणी चालू राहतं. तसं झालं तर घाबरू नका, पुन्हा उघडा आणि फोटोशी ताडून पाहा.

नवं कार्ट्रिज घेताना तीन गोष्टी जुळवा: खालच्या आट्यांचा आकार, पूर्ण लांबी आणि वरच्या दात्यांची संख्या. दुकानात अर्ध्या इंचाची डझनभर कार्ट्रिजं एकसारखी दिसतात. पण दाते २० ऐवजी २४ असले तर तुमचं हँडल त्यावर बसणार नाही. शिवाय काही डावीकडे उघडतात, काही उजवीकडे. मिक्सरच्या दोन बाजूंना ती उलटसुलट लागतात, म्हणून कुठल्या बाजूचं हे चिठ्ठीवर लिहून न्या.

एका दांड्याचा मिक्सर

यात कार्ट्रिज प्लॅस्टिकचं, बहुतेक ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि एका मोठ्या गोल नटाने दाबून ठेवलेलं असतं. गळतीवर इलाज म्हणून हा नट आवळला की दांडी लगेच जड होते. अलीकडे कुणी दुरुस्ती केली असेल, तर आधी हा नट अष्टमांश फेरी सैल करून बघा. सुधारणा नसेल, तर कार्ट्रिज बदला. ते उघडून साफ करण्यात वेळ घालवू नये, बहुतेक उघडण्यासाठी केलेलेच नसतात. नवं बसवताना बुडाचे दोन खुंट नळातल्या दोन भोकांत नीट बसलेत का ते हाताने हलवून पाहा. खुंट वर राहिले आणि नट आवळला तर कार्ट्रिज फुटतं. बसवण्याआधी उघड्या नळावर कापड धरून पाणी १० सेकंद सोडा, म्हणजे पाइपातली रेती नव्या कार्ट्रिजमध्ये जाणार नाही.

भिंतीतला स्टॉप कॉक आणि बेसिनखालचा अँगल कॉक

हे वापराने बिघडत नाहीत, न वापरल्याने जाम होतात. अँगल कॉक पाच वर्षं उघडाच असतो, आणि बेसिनचा नळ दुरुस्त करायच्या दिवशी फिरत नाही. व्हिनेगरचं कापड २० मिनिटं गुंडाळा, मग पुढे-मागे, थोडं थोडं. एकदा सुटला की पूर्ण उघडून पाव फेरी मागे आणून ठेवा. टोकाला आवळून ठेवलेला पुढच्या वेळी पुन्हा अडतो. पाव फेरीच्या कॉकला हे लागू नाही, तो पूर्णच उघडा ठेवायचा. महिन्यातून एकदा सगळे कॉक उघडून बंद करायचे. लाइट बिल भरायच्या दिवशी करा, म्हणजे लक्षात राहतं.

भिंतीतल्या स्टॉप कॉकवर मात्र हात सांभाळून. फ्लँज काढा, सिमेंट असेल तर लाकडी काडीने आणि टूथब्रशने कोरा, स्पिंडलवर व्हिनेगरचे थेंब सोडा. दोन दिवस रोज असं करूनही हलला नाही, तर प्लंबरला बोलवा. याचा हेड पार्ट बाहेरून बदलता येतो. पण अंग फुटलं तर टाइल काढण्याला पर्याय नाही.

प्लॅस्टिकचे पीटीएमटी नळ जाम झाले तर ते बदलणंच योग्य. त्यांच्या आट्यांना पान्याचा जोर सोसत नाही.

बसवताना

हेड पार्ट किंवा कार्ट्रिज जागेवर ठेवून आधी उलट दिशेने हळू फिरवा. टक् असा बारीक आवाज किंवा किंचित खाली बसल्याचं हाताला कळेल; आट्याचं तोंड आट्याला मिळालं. आता सुलट फिरवा. पहिल्या ३ फेऱ्या नुसत्या बोटांनी व्हायला हव्यात. तिथेच अडलं तर आटे वाकडे धरलेत, काढून पुन्हा बसवा. पान्याने रेटलं तर नळाचे आटे कायमचे जातात. बोटांनी घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरी, त्याहून जास्त नाही.

हँडल स्क्रू न लावता नुसतं टेकवा आणि दोन बोटांनी फिरवून बघा. ठीक वाटलं की नळ उघडा ठेवून गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळू सोडा. पाइपातली हवा फुसफुसत निघेल, पाणी थोडं गढूळ येईल. ते जाऊ द्या. तोटीच्या टोकाला जाळी असेल तर ती आधीच काढून ठेवलेली बरी, सुटलेला क्षार तिच्यात अडकतो. मग नळ बारीक धारेवर ठेवून, खाली बादली लावून, स्पिंडलच्या बुडाशी कोरडा टिश्यू कागद गुंडाळा आणि १५ मिनिटांनी बघा. कागद कोरडा असेल तर स्क्रू लावून झाकण बसवा. ओला झाला असेल तर ग्लँड नट अष्टमांश फेरी आवळा, कागद बदला आणि पुन्हा १५ मिनिटं थांबा.